शब्बाथ शाळेत जादूचे प्रयोग : योग्य की अयोग्य?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी ह्या भागातील मंडळ्यांतून सुट्टीतील बायबल शाळेची तयारी सुरू होते. गीते निवडली जातात, वचनांचे तक्ते रंगवले जातात, आणि कोणीतरी हटकून म्हणते, "मुलांना जादूचा एखादा प्रयोग दाखवा. त्याशिवाय मुले बसत नाहीत." मग हातरुमाल, नाणे, सुतळी, काडेपेटी अशा घरच्याच वस्तू घेऊन शिक्षक उभे राहतात. दोरी कापतात आणि ती अखंड करून दाखवतात. मुले टाळ्या वाजवतात, आणि त्याच ओघात पापक्षमेचा किंवा तारणाचा धडा सांगितला जातो.

सीमाभागात ही पद्धत रुजण्यास आणखी एक कारण आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. घरी मराठी, शाळेत कन्नड, किंवा ह्याच्या उलट, अशी मुले येथे एकाच वर्गात मांडीला मांडी लावून बसतात. कोणत्या भाषेत सांगावे हा शिक्षकापुढे नेहमीचाच प्रश्न असतो. हातातली वस्तू मात्र दोन्ही भाषांच्या मुलांना सारखीच कळते.

ह्या प्रयोगांविषयी मंडळीत दोन मते आहेत. काही वडीलधारी मंडळी म्हणतात की अनुवादाच्या अठराव्या अध्यायात देवाने ज्याचा स्पष्ट निषेध केला ते देवाच्या घरात आणूच नये. तरुण शिक्षक म्हणतात की हा निव्वळ खेळ आहे, त्यात पाप ते कसले? दोन्ही बाजूंचे म्हणणे प्रामाणिक आहे, म्हणून आम्ही त्याचा थोडा विचार करू इच्छितो.

पहिला घोटाळा शब्दाचा आहे. आपण 'जादू' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावतो. अनुवादात निषेध आहे तो शकुन पाहण्याचा, मंत्रतंत्राचा, मेलेल्यांना प्रश्न विचारण्याचा. देवाजवळ जे आहे ते माझ्याजवळ आहे, किंवा ते मी देवाला वगळून मिळवीन, असा दावा त्या सर्वांच्या मुळाशी असतो. हातचलाखी करणारा असा कोणताच दावा करीत नाही. तो म्हणतो, "माझ्या हाताकडे नीट पाहा, तरीही मी तुम्हांला चकवीन."

हा भेद न कळल्यामुळे ख्रिस्ती देशांतही अनर्थ झाले आहेत. सोळाव्या शतकात युरोपात चेटकीण ठरवून लोकांना ठार मारले जात होते. १५८४ साली इंग्लंडमधील रेजिनल्ड स्कॉट ह्या गृहस्थाने त्याविरुद्ध एक मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात नाण्यांच्या, दोरीच्या व पत्त्यांच्या खेळांतील युक्त्या उघड करून सांगितल्या. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात ठेवल्यासारखे दाखवण्याचा खेळ तेव्हा जत्रांतून होत असे, त्याचेही गुपित त्याने दिले. जे हाताच्या चपळाईने होते त्यासाठी सैतानाला ओढून आणू नका, हे त्याला सांगावयाचे होते. हातचलाखीचे गुपित त्या काळी निरपराध माणसांच्या बाजूने उभे राहिले.

मुलांना धडे देण्यासाठी हातचलाखी वापरणेही नवीन नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील बॅप्टिस्ट पाळक सी. हर्बर्ट वूल्स्टन ह्यांनी १९१० साली अशा वस्तुपाठांचे पुस्तकच प्रसिद्ध केले. येशूचे लेकरांवर, सर्व रंगांच्या लेकरांवर प्रेम आहे, अशा अर्थाचे जे इंग्रजी गीत जगभरच्या शब्बाथ शाळांतून गायले जाते, ते त्यांचेच. तेव्हा हातचलाखी म्हणजे चेटूक, एवढ्यावरून हे प्रयोग बंद करणे आम्हांला पटत नाही.

पण तरुण शिक्षकांच्या उत्तरानेही आमचे समाधान होत नाही. खेळ असला तरी त्यात फसवणूक आहेच. मुलाने पाहिले ते खरे नव्हते. मग सत्य सांगण्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसाने असत्य दाखवावे काय? आपण लज्जास्पद गुप्त गोष्टी सोडून दिल्या आहेत व कपटाने चालत नाही, असे पौल करिंथकरांस लिहितो (२ करिंथ ४:२). हे शिक्षकालाही लागू आहे.

येथे गोष्टीचे उदाहरण घेऊ. यरुशलेमाहून यरीहोस जाणाऱ्या माणसाची गोष्ट प्रभूने सांगितली. ती घडली होती की नव्हती, त्या उतारशाळेच्या मालकाचे नाव काय, असे आपण विचारीत नाही, आणि गोष्टीने फसवले असेही कोणी म्हणत नाही, कारण ती कशासाठी सांगितली हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. आपल्या ख्रिस्ती कीर्तनातही तसेच आहे. कृष्णराव सांगळे, रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांच्यापासून चालत आलेल्या ह्या परंपरेत एकच कीर्तनकार घटकेत पेत्र होतो, घटकेत कयफा होतो. श्रोता रडतो, हसतो, पण हे आख्यान आहे हे तो विसरत नाही. सांगणारा व ऐकणारा ह्यांच्यात एक न बोललेला करार असतो. हा करार मुलाला माहीत असेल तोवर हातचलाखीही खोटे ठरत नाही. आणि तो माहीत आहे की नाही, ही जबाबदारी शिक्षकाची.

आमच्या भागात ही जबाबदारी फार जड आहे. खेड्यांतून कावीळ 'उतरवण्याची' रीत सर्वांना माहीत असेल. उतरवणारा रोग्याच्या हाताला कसला तरी रस चोळतो, मग चुन्याच्या पाण्यात हात धुतो. पाणी पिवळेजर्द होते, आणि रोग अंगातून बाहेर पडला असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात आंब्याच्या सालीचा रस आधी हाताला लावला असला, तर निरोगी माणसाचे हात धुतल्यावरही चुन्याचे पाणी पिवळे होते. पाणी पिवळे होते एवढे खरे; यकृताची सूज तशीच राहते. काही प्रकारची कावीळ आपोआप उतरते, म्हणून श्रेय त्या पाण्याला मिळते. पण गरोदर बाईला झालेली कावीळ प्राणावर बेतू शकते, आणि दवाखान्यात जाण्याचे दिवस त्या पिवळ्या पाण्याकडे पाहण्यात जातात.

निर्गमाच्या पुस्तकात फारोच्या जादूगारांविषयी एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. मोशेप्रमाणे त्यांनीही मिसर देशावर बेडूक आणून दाखवले. पण आलेले बेडूक त्यांना घालवता आले नाहीत. त्यासाठी फारोला मोशेलाच बोलवावे लागले. संकट वाढवण्याची विद्या त्यांच्याजवळ होती, ते दूर करण्याची नव्हती. पाणी पिवळे करणाऱ्याचेही तसेच आहे.

आपण इतरांकडे बोट दाखवून थांबू नये. १९८६ साली अमेरिकेत पीटर पोपॉफ नावाचा सुवार्तिक आरोग्यसभा भरवीत असे. सभेतील अनोळखी माणसाचे नाव, पत्ता, आजार तो घडाघडा सांगे, आणि हे देवाने कळवले असे लोक समजत. जेम्स रँडी ह्या व्यावसायिक जादूगाराने यंत्र लावून ऐकले, तेव्हा ही सर्व माहिती पोपॉफची पत्नी पडद्यामागून बिनतारी यंत्राने त्याच्या कानात सांगत होती असे उघड झाले. रँडीचा ख्रिस्तावर विश्वास नव्हता. तरीही त्या दिवशी जादूगार सत्याच्या बाजूस होता, आणि प्रभूचे नाव घेणारा असत्याच्या. ही गोष्ट आपल्याला लाज आणणारी आहे, म्हणूनच ती शिक्षकांनी लक्षात ठेवावी.

तर मग कोणता प्रयोग करावा व कोणता करू नये? आमच्या मते ह्याची एक साधी कसोटी आहे : प्रयोगाचे गुपित मुलाला सांगितल्यावरही धडा उभा राहतो काय?

काडीचा प्रयोग पाहा. शिक्षक काडेपेटीतील काडी रुमालात गुंडाळतात, मुलाकडून ती मोडवतात, रुमाल झटकतात, आणि काडी अखंड निघते. "मोडलेले जीवन प्रभू असेच सांधतो," असे सांगतात. पण रुमालाच्या दुमडीत दुसरी काडी आधीच लपवलेली असते आणि मोडते ती तीच. म्हणजे मोडलेली काडी सांधली गेलीच नाही. ती लपवली आणि न मोडलेली काडी पुढे केली. गुपित कळलेल्या मुलाने उद्या विचारले, "मग प्रभूही मोडक्याला लपवून दुसराच पुढे करतो काय?" तर आपण काय उत्तर देणार? येथे गुपितच धड्याच्या विरुद्ध साक्ष देते. हा प्रयोग करमणुकीपुरता ठीक. त्याला तारणाचा धडा जोडू नये.

आता हळदीचे पाणी घ्या. आमच्याकडे तंबाखू मळणाऱ्याच्या खिशात चुन्याची डबी असतेच, आणि हळद कोणत्या घरात नाही? पेल्यातील हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की ते लालभडक होते. कितीही ढवळले तरी रंग जात नाही. लिंबू पिळले की पाणी पुन्हा मूळ रंगावर येते. येथे काहीही लपवलेले नाही. हळदीचा हा गुणच आहे, आणि मुलाला तो सांगितला तर धडा पुसला जात नाही, उलट पक्का होतो : लाली पेल्यातल्या पाण्याने स्वतः ढवळून गेली नाही, बाहेरून कोणीतरी काहीतरी घालावे लागले. शिवाय हा धडा शिकलेले मूल उद्या कोणी लाल पाणी दाखवून "तुमच्या घरावर करणी झाली आहे" असे म्हणू लागला, तर आईला सांगेल, "आई, ह्याच्यात हळद आणि चुना आहे."

कागदाच्या पट्टीचा प्रयोग तर सीमाभागासाठीच असावा असे वाटते. वर्तमानपत्राच्या तीन लांब पट्ट्या कापा. पहिलीची टोके सरळ चिकटवा, दुसरीला अर्धा पीळ देऊन, तिसरीला पूर्ण पीळ देऊन चिकटवा. मग प्रत्येक कडे मधोमध लांबीने कापत जा. पहिल्याची दोन सुटी कडी होतात. दुसऱ्याचे दुप्पट मोठे असे एकच कडे होते. तिसऱ्याची दोन कडी होतात, पण ती एकमेकांत अडकलेली असतात. कात्री तीच, कापणेही तेच. फरक जोडताना काय केले ह्याचा. मराठी व कन्नड मुले शेजारी बसलेल्या वर्गात मधली भिंत पाडणाऱ्या ख्रिस्ताविषयी (इफिस २:१४) बोलावयाचे असेल, तर ती अडकलेली कडी मुलांच्या हातात द्यावी आणि घरी जाऊन पुन्हा करून पाहा म्हणावे.

आणखी एका गोष्टीविषयी आमचे मत ठाम आहे. पवित्र शास्त्रातील चमत्काराची नक्कल हातचलाखीने कधीही करू नये. काना येथील लग्नाचा पाठ शिकवताना पेल्यातले पाणी लाल करून दाखवणारा शिक्षक मुलाच्या मनात दोहोंपैकी एक विचार पेरतो : एक तर गुरुजींच्या अंगात प्रभूची शक्ती आहे, किंवा प्रभूनेही असेच काहीतरी केले असावे. दोन्ही विचार घातक आहेत. प्रभूने खमीर, मीठ, मोहरीचा दाणा, दिवा, हरवलेले नाणे अशा घरगुती वस्तू दृष्टांतासाठी घेतल्या. आपल्या प्रयोगाची जागाही तीच, दृष्टांताची. चिन्हाच्या जागेवर त्याने बसू नये.

एखादे हुशार मूल विचारीलच, "गुरुजी, मग प्रभूचे चमत्कारही हातचलाखी नव्हते कशावरून?" ह्या प्रश्नावर रागावू नये. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर व त्यांचे सहकारी गावोगावी भोंदूंचे चमत्कार करून दाखवीत आणि त्यांतील युक्ती समजावून सांगत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कर्नाटकात तसा कायदा २०१७ साली संमत होऊन २०२० पासून लागू झाला. आजची मुले हे सर्व ऐकून असतात, आणि त्यांचा प्रश्न खरा असतो.

उत्तरही खरे असावे. प्रभूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून दाखव म्हटले, तेव्हा त्याने नकार दिला. परूश्यांनी चिन्ह मागितले, ते त्याने दिले नाही. हेरोदाला काहीतरी चमत्कार पाहण्याची फार हौस होती. त्याच्यापुढे प्रभू गप्प राहिला. पण भुकेलेला समुदाय, कुष्ठरोगी, नाईन येथील विधवा समोर आली, तेव्हा त्याला त्यांचा कळवळा आला, आणि कित्येकदा "हे कोणास सांगू नका" अशी ताकीदही त्याने दिली. जादूगाराला प्रेक्षक लागतात आणि तो वाहवा मिळवतो. प्रभू दुःखिताकडे पाहत होता, आणि त्याच्या वाट्याला वधस्तंभ आला. मुलाला हा फरक दाखवावा, आणि पुढे प्रांजळपणे म्हणावे, "मला फक्त पाण्याचा रंग बदलता येतो, बाळ. त्याने जे केले ते मला येत नाही. त्याच्यावर मी विश्वास ठेवतो तो माझ्या ह्या पेल्यावरून नव्हे."

शिक्षकबंधुभगिनींनो, प्रयोगास आरंभ करण्यापूर्वी "ही हातचलाखी आहे" असे मराठीत व कन्नडमध्येही स्पष्ट सांगा. आठवड्यातून एखादाच प्रयोग करा, नाही तर मुले वचनासाठी न येता रुमालासाठी येतील. आणि शाळेच्या शेवटच्या दिवशी मुलांना गुपिते शिकवून घरी पाठवा. गंमत थोडी कमी होईल, पण ज्या शिक्षकाने आपल्यापासून काही लपवले नाही त्याच्यावर मूल पुढेही विश्वास ठेवील. आणि ते सांगतील ती सुवार्ता त्याच विश्वासाने ऐकेल. ह्या कामी प्रभू आपणांस सुज्ञता व निर्मळ मन देवो.