शेजारच्या आवारातला मंडप

८ डिसेंबर २०२०. ब्रिटनमध्ये करोनाच्या लसीकरणाचा पहिला दिवस. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातून लस घेऊन बाहेर पडलेल्या ९१ वर्षांच्या मार्टिन केन्यन यांना सीएनएनच्या वार्ताहराने रस्त्यातच गाठलं. गाडी लावायला जागा मिळेना म्हणून उशीर झाला, दुपारचं जेवण काही बरं नव्हतं, आणि इतकी वर्षं जगल्यावर आता मरण्यात काय अर्थ आहे, असं आजोबा सहज बोलून गेले. त्या दोन-तीन मिनिटांत जगभरच्या लोकांचा त्यांच्यावर जीव जडला.

दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या कुटुंबाशी केन्यन यांचा जुना घरोबा. टुटूंची धाकटी लेक म्फो हिचे ते धर्मपिता. पुढे म्फो स्वतः अमेरिकेत अँग्लिकन पुरोहित झाल्या. आपल्या अंत्यविधीची उपासना म्फोनेच चालवावी, अशी या धर्मपित्याची इच्छा होती.

सप्टेंबर २०२२ मध्ये ती वेळ आली. श्रॉपशरमधल्या वेंटनॉर या छोट्या गावात, सेंट मायकल अँड ऑल एंजल्स या चर्चमध्ये विधी व्हायचा होता. हेरेफर्डच्या धर्मप्रांताने म्फोंना परवानगी नाकारली. कारण एकच. म्फोंनी मार्सेलिन व्हॅन फर्थ या डच प्राध्यापिकेशी विवाह केला होता, आणि समलिंगी विवाह केलेल्या पुरोहिताला चर्च ऑफ इंग्लंडमध्ये सेवा करता येत नाही, असा बिशपांचा दंडक होता. धर्मप्रांताने त्या दंडकावर बोट ठेवलं.

म्फोंना हा अनुभव नवा नव्हता. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने २००६ मध्येच असा विवाह कायदेशीर केला, पण तिथल्या चर्चने तो मानला नाही. २०१६ मध्ये, कोणी काढून घेण्याआधी, म्फोंनी पुरोहितपदाचा परवाना स्वतःहून परत केला. रंगावरून माणसाला कमी लेखणाऱ्या राजवटीशी वडील आयुष्यभर भांडले. देव समलिंगी माणसांचा द्वेष करत असेल तर त्याच्या स्वर्गात मी जाणार नाही, असं त्यांनी २०१३ मध्ये केपटाउनमध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. त्यांच्याच लेकीला त्यांच्याच चर्चमध्ये वेदीपुढे उभं राहता येईना. अमेरिकेत चालते ती पुरोहित केपटाउनमध्ये चालत नाही, इंग्लंडमध्येही नाही. आणि ही तिन्ही चर्चेस एकाच अँग्लिकन परिवारातली.

हा परिवार तुटेल, ही धास्ती बिशपांना १९९८ पासून होती. त्या वर्षी जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने समलिंगी संबंध पवित्र शास्त्राशी विसंगत ठरवले. ठरावाच्या बाजूने ५२६, विरोधात ७० मतं पडली. २००३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमध्ये जीन रॉबिन्सन या उघडपणे समलिंगी पुरोहिताला बिशपपदाची दीक्षा मिळाली, तेव्हा त्यांना झग्याखाली गोळीरोधक जाकीट घालावं लागलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जेफ्री जॉन यांना रेडिंगच्या बिशपपदावरून नाव मागे घ्यायला लावलं गेलं, एकी टिकावी म्हणून. नायजेरिया, युगांडा, रवांडा इथले बिशप शास्त्रवचनाला धरून बोलतात, आणि त्यांची श्रद्धा खोटी नाही. लाखोंची मंडळी त्यांच्या मागे आहे. त्यांना हिणवून हा प्रश्न सुटत नाही, हे मला मान्य आहे.

पण वेंटनॉरला त्या दिवशी म्फोंचं लग्न नव्हतं. त्यांच्या विवाहाला आशीर्वाद द्या, असं कोणी मागत नव्हतं. गेलेल्या एका म्हाताऱ्या माणसाची शेवटची इच्छा, एवढाच विषय होता. नियम कुठे लावायचा आणि कुठे आवरता घ्यायचा, याचं भान ज्या पुढाऱ्याला राहत नाही, त्याच्या हाती नुसता नियमच उरतो. मृताच्या दारी मानपानाचा वाद काढू नये, हे आपल्याकडे गावातली अडाणी समजली जाणारी म्हातारीसुद्धा जाणते.

केन्यन यांच्या घरच्यांनी तंटा केला नाही. चर्चच्या शेजारी जुन्या पाद्रीबंगल्याचं आवार होतं. तिथे मंडप घातला. शवपेटी तिथे आली, मंडळी तिथे आली, प्रार्थना तिथे झाल्या. म्फोंनी उपासना चालवली आणि प्रवचनही केलं. धर्मपित्याने ज्या लेकीवर काम सोपवलं होतं, तिनेच ते पार पाडलं.

एवढं करून एकी टिकली का? जुलै २०२५ मध्ये, वेंटनॉरहून थोड्याच मैलांवर सीमा असलेल्या वेल्समध्ये, चेरी व्हॅन यांची आर्चबिशप म्हणून निवड झाली. त्या स्त्री आहेत आणि आपल्या जोडीदार स्त्रीसोबत उघडपणे राहतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सेरा मलाली यांचं नाव कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे या परिवाराच्या पुढारपणासाठी, जाहीर झालं. त्या गादीवर येणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढच्या काही दिवसांतच गॅफकॉन या सनातनी गटाने, रवांडाचे आर्चबिशप लॉरेंट म्बांडा यांच्या नेतृत्वाखाली, कँटरबरीचं पुढारपण नाकारून खरा अँग्लिकन परिवार आम्हीच, अशी घोषणा केली. ज्या एकीसाठी जेफ्री जॉन मागे सरले, म्फो दाराबाहेर राहिल्या, ती एकी राहिली नाही. माणसं मात्र दुखावली गेली ती गेलीच.

मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरचे धर्मप्रांत ज्यात आहेत ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही याच परिवाराचा भाग आहे, त्यामुळे हा वाद मराठी ख्रिस्ती मंडळींनाही परका नाही. म्फोंना ज्या दंडकामुळे नकार मिळाला तो २०२५ संपेपर्यंत कायम होता. विवाहाविषयीचा चर्च ऑफ इंग्लंडचा कायदा बदलायला त्या चर्चच्या जनरल सिनॉड या प्रतिनिधी सभेच्या तिन्ही सभागृहांत, म्हणजे बिशप, पुरोहित आणि सामान्य सभासदांत, दोन तृतीयांश मतं लागतात. ती मिळवायला वर्षं लागतील. पण अंत्यविधीच्या दिवशी चर्चचं दार उघडं ठेवायला बिशपांना कोणत्याही मतदानाची वाट पाहण्याची गरज नाही, आणि तेवढं त्यांनी आजच करावं.