खडबडीतपणाची नैतिकता
१९६० च्या दशकात अमेरिकन तरुणांनी घरच्या गॅरेजमध्ये जुजबी साधनांवर वाजवलेले रॉक संगीत खडबडीत होते, ते अभावापोटी. पुढील पिढ्यांनी सफाईदार ध्वनिमुद्रणाची सोय असूनही तोच खडबडीतपणा पत्करला. हा पत्करलेला अभाव प्रामाणिक मानावा काय? बार्शीत १९१६ साली जन्मलेल्या शाहीर अमर शेख यांचा पहाडी आवाज येथे निकष पुरवतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत उघड्या मैदानांवरील जनसमुदायाला तो साद घालत असे. त्याचे रांगडेपण या संबोधनाच्या गरजेतून आले होते. गतकाळाचा सूर आळवणाऱ्या संगीतालाही कोणाला तरी असे तातडीने सांगायचे असेल, तर त्याचा कच्चेपणा खरा. एरवी ती गरिबीची हौस होय.