तीन खुर्च्या आणि पत्र्याची पेटी

दिवाळी सरता सरता धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या भूम-कळंब भागातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. ट्रॉलीवर चढलेला एका कुटुंबाचा संसार तो केवढा! पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, दोन वाकळा, कोयते आणि त्यावर बसवलेले लेकरू. गेल्या साली अशी एक ट्रॉली आमच्या दारापुढे थांबली, तेव्हा मी ओसरीवर ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ वाचीत बसलो होतो. दुर्गाबाई भागवतांनी मराठीत आणलेले थोरोचे ‘वॉल्डन’ ते हेच.

१८४५ च्या जुलैत हा अमेरिकन विचारवंत काँकॉर्डजवळच्या तळ्याकाठी स्वतः झोपडी बांधून राहिला. खर्च २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. जागा मित्र इमर्सनची. आत पलंग, टेबल, तीन खुर्च्या. गीता वाचावी, घेवड्याच्या ओळी खुरपाव्यात, असा हा गृहस्थ तिथे दोन वर्षांहून अधिक काळ राहिला. मला तो फार आवडतो.

पण त्या दिवशी एक पान टोचले. पावसात थोरो जॉन फील्ड नावाच्या आयरिश मजुराच्या खोपटात शिरतो. दलदल खणून पोट भरणारा माणूस, पदरी बायको-मुले. थोरो त्याला समजावतो की चहा, कॉफी, लोणी, मांस सोड, म्हणजे इतके राबावे लागणार नाही! हिशेब बिनचूक आहे. पण हार्वर्डला शिकलेल्या सड्या माणसाने तो कुणापुढे मांडावा? बिचारा फील्ड त्या सांजेला काम टाकून त्याच्याबरोबर मासे धरायला गेला. थोरोला भरपूर मिळाले. याला जवळजवळ काहीच नाही.

निवडलेली गरिबी आणि वाट्याला आलेली गरिबी दिसायला सारखीच. म्हणून मला तळ्याकाठच्या थोरोपेक्षा तुरुंगातला थोरो अधिक खरा वाटतो. गुलामगिरी आणि मेक्सिकोवरील युद्ध चालवणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून १८४६ मध्ये तो एक रात्र कोठडीत राहिला. तेथे त्याने स्वतःचेच सुख सोडले, दुसऱ्याचा चहा नव्हे. दुर्गाबाईंनीही तेच केले. १९७५ साली, आणीबाणीत, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करविली. पुढल्या वर्षी त्यांना तुरुंग घडला.

ट्रॉलीतली एक बाई पाणी मागायला आली. मी चहाचे विचारले. ती पदराने तोंड पुसत पायरीवर टेकली नि म्हणाली, “घेते की. पण साखर जरा जास्त टाकायला सांगा, काका.”