आधी गाडीखाली वाक

मध्ये बोलू नकोस, ऐक. ब्रेक मारला की पुढून ‘खट्ट’ होतं, रिव्हर्समधून पहिल्यात टाकलं की पुन्हा ‘खट्ट’ होतं, हे तू पावसाळ्याआधी सांगितलंस. आता गणपती होऊन गेले. मधल्या काळात काय केलंस? दोनदा अलाइनमेंट करून घेतलीस, पुढचे टायर मागे टाकलेस, नवे स्पीकर बसवलेस. आणि आज विचारतोस, ‘सर, सबफ्रेमला पॉलीयुरेथेनचे बुश टाकू का? गाडी एकदम टाइट होते म्हणतात.’ कोण म्हणतात? त्यांच्यापैकी कुणी तुझ्या गाडीखाली डोकं घातलंय का? तू तरी घातलंयस का?

आयटीआयला दोन वर्षं मोटर मेकॅनिकचा ट्रेड केलास. सबफ्रेम मी फळ्यावर काढून दाखवली होती. जाड पत्र्याची चौकट. तिच्यावर लोअर आर्म, बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगचा रॅक आणि इंजिनाची एखादी माउंटिंग. काही गाड्यांत ती बॉडीला थेट बोल्टने कसलेली असते, काहींत मधे रबराचे बुश असतात. तुझ्या गाडीत काय आहे हे विचारलं तर तुला सांगता आलं नाही, आणि माल मागवायला निघालास. लाज वाटायला हवी.

बुशचं रबर फाटलं की ब्रेक दाबताच अख्खी चौकट सरकते. रॅक तिच्यावर, आर्म तिच्यावर, म्हणजे चाकाचा कोनही सरकला. मशीनवर गाडी उभी असते तेव्हा आकडे बरोबर येतात, रस्त्यावर पहिल्या ब्रेकला ते बिघडतात. अलाइनमेंट टिकत नाही आणि टायरची आतली कड खाल्ली जाते, त्याचं कारण हे असू शकतं. लोअर आर्मचे बुश गेले तरी हीच लक्षणं दिसतात. बॉल जॉइंट आणि लिंक रॉडही आवाज करतात. म्हणून टॉमी घालून एकेक जागा हलवून बघायची असते. तुझे अलाइनमेंटचे पैसे गेले त्याचं मला काही नाही. याच गाडीतून तू आईला कळव्याच्या शिवाजी हॉस्पिटलला नेतोस. याच गाडीने मुंब्रा बायपासच्या उतारावर कंटेनरच्या पुढे ब्रेक मारतोस. गाडी डावीकडे ओढते, तू स्टिअरिंग घट्ट धरून सांभाळून घेतोस आणि वर सांगतोस की सवय झालीय. मेकॅनिकला अशी सवय होता कामा नये.

आरसी आणखी 5 वर्षांसाठी रिन्यू झाली, हे तुझं दुसरं उत्तर. त्या कागदाने फाटलेलं रबर जुळत नाही.

आता पॉलीचं. रबर मऊ आहे म्हणजे कंपनीने काटकसर केली, ही समजूत डोक्यातून काढून टाक. किती मऊ ठेवायचं, कुठल्या बाजूने मऊ आणि कुठल्या बाजूने कडक, हे ठरवूनच बुशमध्ये पोकळ्या ठेवलेल्या असतात. खड्ड्याचा धक्का त्याने गिळायचा आणि वळणावर चाकाला जागेवर धरायचं, अशी दोन्ही कामं त्याच्याकडे असतात. तिथे कडक पॉली ठोकलंस की तो धक्का बॉडीच्या पत्र्यावर जातो, आणि तुझ्या गाडीचा पत्रा पंधरा पावसाळे खाऊन बसलाय. ट्रॅकवरची गाडी शर्यत झाली की खोलून तपासतात. तुझी गाडी रोज विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या पाण्यातून दिघा, ऐरोली करत महापेला जाते, आणि तू बॉनेटसुद्धा महिन्याने उघडतोस. ओरिजिनल बुश मिळतच नसेल तर लोअर आर्मला मध्यम कडक पॉली समजू शकतो. सबफ्रेमला, रोजच्या गाडीत, नाही.

2018 साली हाच मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी बंद ठेवला होता. महिनोन्‌महिने वाहतूक वळवली, सगळ्यांनी शिव्या घातल्या. त्या कामात पुलाच्या बेअरिंगही बदलायच्या होत्या. बेअरिंग झिजली म्हणून तुळई थेट खांबावर टेकवा, असं कुणी म्हणालं नाही. हलायला जागा लागते म्हणूनच तो भाग तिथे असतो.

तुला अपग्रेडच करायचंय ना? मग काम पूर्ण कर. आधी पॉवर स्टिअरिंगचं ऑइल गळतंय ते थांबव. तेल लागलं की रबर फुगून सडतं, नवे बुशही टिकणार नाहीत. कुर्ल्याहून जुनी सबफ्रेम बुशसकट आणायची नाही, तिच्यातलं रबर तुझ्या गाडीतल्याइतकंच म्हातारं असेल. सगळे बुश एकदम बदल, एकच नवा टाकून बाकीचे ठेवू नकोस. सबफ्रेम सोडण्याआधी इंजिनाला वरून आधार दे आणि चौकटीच्या जागेच्या खुणा कर. जुना बुश कुठल्या दिशेला बसलाय ते बघून ठेव, पोकळी आडवी बसली तर सगळी मेहनत फुकट. हातोडा नाही, प्रेस. बुशच्या जागी पत्रा गंजला असेल तर तिथेच थांब आणि मला दाखव. मॅन्युअलमध्ये बोल्ट नवे वापरा लिहिलं असेल तर नवेच. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली तू मला दिसलास तर तुला वर्कशॉपमध्ये पुन्हा पाय ठेवू देणार नाही.

एक गोष्ट तुमच्यातले निम्मे चुकतात. लोअर आर्मचे बोल्ट चाकं लटकत असताना पूर्ण कसतात. मग गाडी खाली उतरली की आतलं रबर कायमचं पिळलेलं राहतं, लवकर फाटतं आणि दोष कंपनीच्या मालाला. बोल्ट हाताने लाव, गाडीचं वजन चाकांवर येऊ दे, मग टॉर्क रेंच.

शनिवारी सकाळी गाडी घेऊन ये. आधी टॉमी लावून कुठला बुश गेलाय ते तू मला दाखवायचंस. त्यानंतर मालाची यादी, आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.