अशुद्ध हेतूचें सत्कृत्य

सन १२२९ च्या फेब्रुवारीच्या १८ तारखेस पवित्र रोमन साम्राज्याचा बादशहा दुसरा फ्रेडरिक आणि इजिप्तचा सुलतान अल-कामिल यांच्यांत एक तह झाला. त्या तहानें जेरुसलेम, बेथलेहेम व नाझरेथ हीं गांवें ख्रिस्ती लोकांस मिळालीं. जेरुसलेममधील हरम शरीफ, म्हणजे अल-अक्सा मशीद व घुमटाची प्रसिद्ध वास्तु, मुसलमानांकडेच राहिली. आणि १० वर्षें, ५ महिने व ४० दिवसपर्यंत उभय पक्षांनीं एकमेकांवर शस्त्र उचलूं नये असें ठरलें. ज्या शहरापायीं १३० वर्षें रक्ताचे पाट वाहत आले होते, तें शहर एकहि लढाई न होतां एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलें. असा तह करणाऱ्यांस दोन्हीकडच्या लोकांनीं दुवा दिला असेल, अशी आपली समजूत होणें साहजिक आहे. घडलें तें अगदीं उलट.

फ्रेडरिक जेरुसलेमांत शिरला तेव्हां तो पोप नवव्या ग्रेगरीच्या आज्ञेनें बहिष्कृत होता. १२२७ सालीं धर्मयुद्धास निघून आजारामुळें तो परत फिरला, हा त्याचा पहिला अपराध; आणि पुढल्या वर्षीं बहिष्कार उठण्यापूर्वींच पुन्हा निघाला, हा दुसरा. १८ मार्च रोजीं ख्रिस्ताच्या समाधीच्या देवळांत त्यानें राजमुकुट धारण केला, पण त्या प्रसंगीं राज्याभिषेकाचा धर्मविधि झाला नाहीं. जेरुसलेमचा मुख्य धर्माधिकारी जेरोल्ड यानें तर त्या नगरींतील सर्व उपासना बंद ठेवण्याचा हुकूम सोडला. जी नगरी मिळावी म्हणून तीन-चार पिढ्यांनीं प्रार्थना केली, ती हातीं येतांच तेथें प्रार्थनेसच बंदी! १ मे रोजीं अक्का बंदरांत जहाजावर चढावयास जातांना खाटकांनीं बादशहावर आतडीं व मांसाचे तुकडे फेकले. तिकडे दमास्कसच्या थोरल्या मशिदींत सिब्त इब्न अल-जौझी या विद्वान वक्त्यानें जेरुसलेम गमावल्याबद्दल असें प्रवचन केलें कीं श्रोत्यांस रडूं आवरेना. (हें प्रवचन करविणारा दमास्कसचा अधिपति अल-कामिलचा पुतण्या होता आणि काका त्याचेंच राज्य घेण्यास टपला होता, हेंहि ध्यानांत ठेवावें. धर्माश्रूंनाहि कधीं कधीं राजकारणानें पाट काढून दिलेले असतात.)

लोकांचा राग केवळ वेडेपणाचा होता असें म्हणवत नाहीं. तह कोणत्या बुद्धीनें झाला हें त्यांना दिसत होतें. अल-कामिलचें आपल्या भावाशीं, दमास्कसच्या अल-मुअज्जमशीं, वैर होतें. त्याच्याविरुद्ध मदत मिळावी म्हणून त्यानें फ्रेडरिककडे वकील पाठविला होता. पुढें १२२७ मध्यें भाऊ मेला, आणि बोलावलेला पाहुणा दारांत येऊन उभा राहिला तेव्हां त्याची गरज उरली नव्हती. तरी दमास्कस घेण्यास हात मोकळे असावे, म्हणून सुलतानानें देणें देऊन टाकलें. जेरुसलेमचा तट १२१९ मध्येंच पाडलेला होता, तेव्हां उघडें शहर पुन्हा घेण्यास कितीसा वेळ, हाहि हिशेब त्यांत होता. फ्रेडरिकपाशीं सैन्य थोडें, आणि इकडे पोपच्या फौजा त्याच्या दक्षिण इटलींतील राज्यांत शिरलेल्या. त्यालाहि घरीं परतण्याची घाई होती. दोन अडचणींत सांपडलेल्या राजांनीं केलेला हा सौदा. त्यांत भूतदया शोधूं गेल्यास हातीं कांहींच लागणार नाहीं.

मग याला सत्कृत्य म्हणावें काय? गीतारहस्यांत कर्मापेक्षां कर्त्याची बुद्धि श्रेष्ठ मानली आहे, आणि जर्मन तत्त्वज्ञ कांट यानेंहि शुद्ध संकल्पाखेरीज दुसरें कांहीं निरपवाद चांगलें मानिलें नाहीं. या कसोटीस लाविलें तर १२२९ चा तह एक व्यापारी व्यवहार ठरतो. परंतु हीच कसोटी १०९९ च्या जुलैला लावून पाहावी. पहिल्या धर्मयुद्धांतील योद्ध्यांनीं घरदार सोडलें, जमिनी गहाण टाकल्या, तीन वर्षें उपासमार सोसली, आणि जेरुसलेमचा तट चढण्यापूर्वीं अनवाणी पायांनीं नगरीभोंवतीं मिरवणूक काढली. त्यांच्यांत लोभी पुष्कळ असतील. पण बहुतेकांची श्रद्धा खरी होती याविषयीं मला शंका नाहीं. १५ जुलै रोजीं त्यांनीं नगरीतील मुसलमान व यहुदी यांची कत्तल केली, आणि नंतर ते ख्रिस्ताच्या समाधीपाशीं जाऊन आनंदाश्रू ढाळीत प्रार्थनेस उभे राहिले. ते अश्रूहि खरेच होते. हीच गोष्ट मला अधिक भयंकर वाटते.

केवळ रक्तपिपासु श्रद्धेचें उदाहरण घेणें अन्यायाचें होईल, म्हणून दुसरें घेतों. १२१९ मध्यें ख्रिस्ती सैन्य नाईलच्या मुखाशीं दमिएत्तास वेढा घालून बसलें असतां असिसीचा संत फ्रान्सिस याच अल-कामिलच्या छावणींत गेला. सुलतानानें त्याचें बोलणें ऐकून घेतलें व त्याला सुखरूप परत पाठविलें. याहून निर्मळ हेतु त्या युद्धांत दुसऱ्या कोणाचा असेल असें वाटत नाहीं. पण युद्ध थांबलें नाहीं. त्याच सुमारास सुलतानानें सैन्य मागें घेण्याच्या बदल्यांत जेरुसलेम देऊं केलें होतें. पोपचा प्रतिनिधि कार्डिनल पेलागियस यानें तें नाकारलें. १२२१ मध्यें सैन्य कैरोकडे चालून गेलें, नाईलच्या पुराच्या पाण्यांत अडकलें, आणि जीव वांचविण्यासाठीं घेतलेलें दमिएत्ताहि परत देऊन निघून गेलें. संताला जें साधलें नाहीं, कार्डिनलनें जें लाथाडलें, तें १० वर्षांनीं एका बहिष्कृताला साधलें.

याचें कारण मला असें दिसतें. जो एखादी वस्तु पवित्र मानितो त्याला तिचे वांटे करतां येत नाहींत. अर्धी घेणें म्हणजे त्याच्या दृष्टीनें सगळी विटाळणें. स्वार्थी मनुष्याला मात्र आपली गरज कोठें संपते हें ठाऊक असतें, आणि म्हणून तो उरलेलें सोडूं शकतो. समाधि तुमची, मशीद आमची, ही वांटणी श्रद्धावंताला सुचलीच नसती. कर्त्याच्या मोक्षाचा विचार करणाऱ्यानें हेतु अवश्य पाहावा. पण बेथलेहेमच्या वाटेवरून जाणाऱ्या यात्रेकरूला, किंवा त्या १० वर्षांत ज्याचें शेत घोड्यांच्या टापांखालीं गेलें नाहीं त्या शेतकऱ्याला, फ्रेडरिकच्या अंतःकरणाची झडती घेण्याचें काय कारण?

इतकें म्हटल्यावर दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. जेरुसलेममधील मुसलमान रहिवाशांना, त्यांचें मत न विचारतां, रडत घरें सोडावीं लागलीं. आणि अलीकडच्या कित्येक लेखकांनीं फ्रेडरिकला सहिष्णुतेचा अवतार बनविलें आहे, तें मला मान्य नाहीं. याच बादशहानें सिसिलींतील मुसलमानांचें बंड मोडून त्यांना घरांतून उठविलें व लुचेरा येथें नेऊन वसविलें; याच्याच १२३१ च्या कायद्यांत पाखंडी ख्रिश्चनांस जिवंत जाळण्याची शिक्षा आहे. स्वार्थ जेथें तह सांगेल तेथें तह, जेथें सरण सांगेल तेथें सरण. शिवाय ज्या तहावर कोणाचेंच मन बसलेलें नाहीं त्याची डागडुजी कोण करणार? त्या १० वर्षांत तो कायम टिकावा म्हणून कोणत्याहि पक्षानें मनापासून खटपट केली नाहीं.

तरी त्या व्यवहारांत स्वार्थाहून निराळें कांहीं तरी होतें, असा मला संशय येतो. वाटाघाटी चालू असतां फ्रेडरिक सुलतानाकडे गणिताचे व तत्त्वज्ञानाचे प्रश्न पाठवीत असे, आणि सुलतान ते आपल्या पंडितांपुढें ठेवीत असे. अरब बखरकार एक गोष्ट सांगतात. बादशहा जेरुसलेमांत मुक्कामास असतां त्याचा मान राखण्यासाठीं नाबलुसच्या काजीनें बांग बंद ठेवविली. सकाळीं फ्रेडरिकनें विचारलें, रात्रीं बांग कां झाली नाहीं? कारण समजल्यावर तो म्हणाला कीं ती ऐकावी अशी माझी फार इच्छा होती. हें कुतूहल धर्मांत बसत नाहीं आणि हिशेबांतहि बसत नाहीं.

१२३८ मध्यें अल-कामिल वारला, पुढल्या वर्षीं तहाची मुदत संपली, आणि १२४४ च्या उन्हाळ्यांत ख्वारिझमी टोळ्यांनीं जेरुसलेम लुटून तेथील ख्रिस्ती वस्ती मारून काढली. त्यानंतर बरोबर एका वर्षानें, जुलै १२४५ मध्यें, पोप चवथा इनोसंट यानें लिऑंच्या धर्मसभेंत फ्रेडरिकला पदच्युत केलें. आरोपपत्रांत इतर अपराधांबरोबर हाहि एक होता कीं, सुलतानाशीं करार करून यानें प्रभूच्या मंदिरांत रात्रंदिवस महंमदाचें नांव घोषिलें जाऊं दिलें.