अट आणि कारण

हाडांविषयीची आपली चर्चा अलीकडे दोन आकड्यांवर येऊन थांबते: रक्तातले ‘डी’ जीवनसत्त्व किती आणि गोळीतले कॅल्शियम किती. सोसायटीतल्या आरोग्य शिबिरात टाचेला यंत्र लावतात, आकडा कमी आला की चिठ्ठीवर गोळी लिहिली जाते आणि विषय संपतो. गोळीला माझा सरसकट विरोध नाही; विषय इतक्या लवकर संपावा, हे मला मान्य नाही.

एखादी गोष्ट घडण्याची अट आणि ती घडवणारे कारण यांत फरक असतो. कॅल्शियमवाचून हाड भक्कम होत नाही. म्हणून कॅल्शियम दिले की हाड भक्कम होईल, असे त्यातून निघत नाही.

अट क्षुल्लक नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. आहारातले कॅल्शियम कमी पडले की रक्तातली पातळी राखण्यासाठी शरीर ते हाडांतून काढून घेते. त्यामुळे रक्ताचा अहवाल ठीक असतानाही हाडे झिजू शकतात. ‘डी’ अपुरे असेल तर आतड्यात कॅल्शियम नीट शोषले जात नाही. प्रथिने आणि ‘सी’ यांच्यावाचून ज्या जाळीवर खनिज बसायचे ती जाळीच कच्ची राहते. फॉस्फरस, मॅग्नेशियम, ‘के’ यांचीही आपापली कामे आहेत. मुडदूस झालेल्या मुलाचे वाकलेले पाय म्हणजे मोडलेली अट. फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतल्या वयस्क स्त्रियांना रोज कॅल्शियम आणि ‘डी’ दिले, तेव्हा दीड वर्षात खुब्याचे अस्थिभंग ४३ टक्क्यांनी कमी झाले. हा १९९२ सालचा निष्कर्ष कोणी झटकून टाकू नये. नाचणी-तीळ असताना गोळ्या कशाला, असे म्हणणाऱ्यांनी दूध मुलांपुरतेच येते अशा घरातल्या बाईचे ताट आधी पाहावे. कोवळ्या उन्हात बसा असे सांगणाऱ्यांनी, त्वचेत ‘डी’ तयार करणारे किरण सकाळच्या उन्हात फार क्षीण असतात, एवढे तरी ध्यानात घ्यावे.

मला खरा वाद घालायचा आहे तो ‘घेऊन ठेवायला काय हरकत आहे?’ या भूमिकेशी. ती समंजस वाटते म्हणूनच घातक आहे. अमेरिकेत ३६ हजारांहून अधिक स्त्रियांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅल्शियम व ‘डी’ घेणाऱ्यांच्या खुब्याची घनता किंचित सुधारली. खुब्याचे अस्थिभंग मात्र खात्रीने कमी झाले असे म्हणता आले नाही, आणि मूतखडे १७ टक्क्यांनी वाढले. म्हणजे हरकत होती. मग म्हटले जाते, ‘डी’ची मात्राच कमी होती. तिथल्याच जवळजवळ २६ हजार लोकांच्या अभ्यासात रोज २००० युनिट दिले, पाच वर्षांहून अधिक काळ. अस्थिभंग घटले नाहीत, असे २०२२ मध्ये जाहीर झाले. याहून मोठी मात्रा? ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले, तर त्या अधिक वेळा पडल्या आणि त्यांची हाडेही अधिक मोडली. शेवटचा बचाव असा की, त्या अमेरिकनांना मुळात कमतरता नव्हती, आपल्याकडे ती आहे. हा युक्तिवाद मला पूर्ण मान्य आहे, कारण तो माझाच आहे. कमतरता असेल तिथे ती भरून काढावी. ती भरल्यावर पुढची गोळी हाडात काही घडवत नाही.

अधिक खनिज म्हणजे अधिक बळ, हा समजही खरा नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. अशा पाण्याने अस्थींचा फ्लोरोसिस झालेल्या माणसाचे हाड क्ष-किरण चित्रात भरीव दिसते आणि तरीही ते ठिसूळ असू शकते.

मग कारण कोणते? रजोनिवृत्तीनंतर घटणारे इस्ट्रोजेन हे झिजेचे मोठे कारण आहे, आणि त्याचा विचार डॉक्टरांबरोबरच व्हावा. पण घडणीचे कारण म्हणजे भार. हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार स्वतःला घडवते, हे युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडले होते. अंतराळवीरांचा आहार मोजूनमापून ठरवलेला असतो, तरीही पुरेसा व्यायाम नसेल तर खुब्याचे खनिज महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. तिथे अट पाळली जाते, कारण हरवलेले असते. उलट ऑस्ट्रेलियात हाडांची घनता कमी असलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजने उचलली, तेव्हा आठ महिन्यांत त्यांच्या कण्याची घनता वाढली. आपल्याकडे मात्र त्याच वयाच्या बाईला ‘आता वजन उचलू नका’ असे सांगून घरात बसवले जाते. माझ्या मते गोळी विसरण्यापेक्षा हा सल्ला कितीतरी अधिक नुकसान करतो.

शिबिरे भरवणाऱ्यांना एक विनंती आहे. टाचेच्या यंत्राशेजारी एक खुर्ची ठेवा, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात न टेकता पाच वेळा उठता-बसता येते का, ते पाहा. ज्यांना जमणार नाही त्यांच्या चिठ्ठीवर गोळीबरोबर व्यायामही लिहा, आणि तो शिकवणाऱ्या माणसाची सोय करा.