कलादालन बांधण्याआधी

मेहकरला 1888 साली जमिनीत विष्णूची एक भव्य पाषाणमूर्ती सापडली. इंग्रज अधिकारी ती उचलून नेतील या धास्तीने गावकऱ्यांनी लगबगीने तिची प्रतिष्ठापना उरकली, असे मेहकरात आजही सांगतात. तोच आजचा शारंगधर बालाजी. भारतीय शिल्पकलेतला एक उत्कृष्ट नमुना बुलडाणा जिल्ह्यात राहिला तो कुठल्या कायद्यामुळे नव्हे. ही मूर्ती आपली आहे, असे लोकांना वाटले म्हणून. सार्वजनिक कलादालनाचा विचार करताना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा आपलेपणा. तो निविदा काढून मिळत नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी कलादालन व्हावे, ही मागणी रास्तच आहे. पण मागणीचा प्रवास ठरलेला असतो: जागा, आराखडा, निधी, भूमिपूजन, लोकार्पण. लोकार्पणाच्या दुसऱ्या दिवसापासून तिथे काय चालणार, याचा कागद मात्र फाइलीत नसतो. मग ते दालन शिबिरांना, बैठकांना आणि कपड्यांच्या सेलला भाड्याने जाते. म्हणून माझे म्हणणे असे की, आधी वर्षभराचे कार्यक्रम ठरावेत, ते चालवून दाखवावेत आणि इमारत सर्वांत शेवटी यावी.

आपल्याकडे कलादालन म्हटले की मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी डोळ्यांसमोर येते. 1952 पासून तिने शेकडो चित्रकारांना उभे केले. तिथे चित्रकार भाडे भरतो, आठवडाभर चित्रे लावतो आणि उतरवून नेतो. त्या एका आठवड्यासाठी वर्षानुवर्षे रांगेत राहतो. मुंबईत हे चालते, कारण तिथे ग्राहक आहेत, समीक्षक आहेत, कलामहाविद्यालयांचे विद्यार्थी आहेत. बुलडाण्यात चित्रांचा असा बाजार नाही. तिथे नुसत्या भिंती भाड्याने देऊन भागणार नाही. कलादालनाला आपला प्रेक्षक स्वतःच घडवावा लागेल.

त्या प्रेक्षकाची तयारी आपल्या शाळांत केव्हाच सुरू झालेली आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना खेड्यापाड्यांतली मुले दरवर्षी बसतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला सात, पाच किंवा तीन वाढीव गुण मिळतात आणि बहुतेकांची चित्रकला त्या गुणांपाशीच थांबते. या मुलांना रविवर्मा ठाऊक असतो तो पुस्तकातल्या गुळगुळीत छपाईतून. तैलरंगाच्या मूळ चित्राजवळ उभे राहिले की कुंचल्याने ओढलेला रंगाचा उंचवटा दिसतो. लांबून जे जरीचे काठ वाटले, ते जवळून पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे चार मोकळे फटकारे निघतात. हे एकदा पाहिलेले मूल कॅलेंडरकडेही वेगळ्या नजरेने पाहू लागते. गुणपत्रिका हे शिकवू शकत नाही.

हे फक्त मोठ्या शहरांनाच जमते, असेही नाही. औंधसारख्या चिमुकल्या संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये श्रीभवानी संग्रहालय उभारले. तिथे रविवर्म्याची चित्रे आहेत आणि हेन्री मूरचे माता-बालकाचे शिल्पही आहे. राजा स्वतः चित्रकार होता, हे खरे. पण त्याने जागा निवडली ती यमाईच्या डोंगरवाटेवर, जिथून भाविक तसेही जाणारच होते. अलीकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 पासून फिरत्या संग्रहालयाची बस गावोगावी नेली. दोन्हींचे सूत्र एकच: कलेने लोकांच्या वाटेवर यावे.

आणि लोकांना दाखवायचे काय? बाहेरच्या जगाला बुलडाण्याची तीन चित्रे माहीत आहेत: लोणारचे सरोवर, शेगावचे मंदिर आणि शेतकरी आत्महत्यांची बातमी. ती तिन्ही बहुधा बाहेरच्यांनीच टिपलेली. जिल्ह्याने स्वतःचे चित्र स्वतः मांडावे, अशी जागा म्हणजे कलादालन. लोणार-मेहकरकडच्या तांड्यांवरची बंजारा कशिदाकारी घ्या. जाड सुती कापडावर इतका दाट टाका की खालचे कापड दिसेनासे होते. मधूनमधून आरसे, काठाला कवड्या. अशी भरलेली चोळी, म्हणजे कांचोळी, प्रदर्शनात टांगली की खाली पाटी लागते, ‘बंजारा भरतकाम’. ते काम करणाऱ्या बाईचे नाव, तिचा तांडा, तिला लागलेले दिवस, ती कोणाकडून शिकली, यातले काहीच नसते. सार्वजनिक कलादालनाचे पहिले कर्तव्य हेच: करणाऱ्याचे नाव लिहायचे आणि कामाबद्दल मानधन द्यायचे. खामगावच्या चांदी कारागिरालाही हाच न्याय लागू आहे. त्याच्या तालुक्यातल्या शाळकरी मुलांनी त्याला हातोडी चालवताना पाहावे आणि प्रश्न विचारावेत. कार्यक्रम म्हणतात तो हा.

यावर आक्षेप येणारच, आणि तो हलका नाही. 2006 मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचे पॅकेज मिळालेल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत बुलडाणा होता. जिथे पाण्याची आणि पिकाच्या भावाची विवंचना संपत नाही, तिथे चित्रांवर खर्च कशाला? सिंचनाचा एक रुपयाही कलादालनाकडे वळवू नये, हे मला मान्य आहे. पण अडचणीतल्या गावांनी सप्ताह बंद केले नाहीत, भजनी मंडळे मोडली नाहीत. संकटात माणसाला एकत्र बसायला जागा लागते, हे गावाला आपल्यापेक्षा जास्त कळते. खर्चाचा मोठा वाटा खाते ते सिमेंट. म्हणूनच इमारतीचा हट्ट आधी नको.

सुरुवात ग्रंथालयांपासून करता येईल. महाराष्ट्राने 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, श्रेणीनुसार अनुदान सुरू केले आणि त्यातून तालुक्यातालुक्यात वाचनालये तगली. चित्रे आणि शिल्पे दाखवण्यासाठी अशी रचना आपण कधी उभी केली नाही. बुलडाण्याचे गर्दे वाचनालय किती वर्षे गावाच्या व्याख्यानांचे आणि कार्यक्रमांचे घर आहे. तशा वाचनालयांनी एकेक भिंत द्यावी, तिच्यावर नीट प्रकाश पडेल अशी व्यवस्था करावी आणि एक प्रदर्शन दोन-दोन महिने तालुक्यांतून फिरवावे. आठवडी बाजाराच्या दिवशी आणि रविवारी ते उघडे असावे. कचेरीच्या वेळेत उघडून कचेरीबरोबर बंद होणारे दालन शेतमजूर बाईला कधीच दिसणार नाही. माहिती सांगायला गावातलीच माणसे असावीत. शेगावला सेवेकरी पाळी लावून घेतात आणि नेमून दिलेले काम मनापासून करतात. सेवेची ही शिस्त जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेली आहे. निवृत्त चित्रकला शिक्षक आणि महाविद्यालयीन मुले दालनासाठी अशीच पाळी लावू शकतील.

हे दोन वर्षे नेटाने चालले, तर इमारतीची मागणी पुढाऱ्यांच्या भाषणातून येणार नाही. आपल्या आईची कांचोळी तिच्या नावानिशी पाहिलेल्या मुली ती करतील. जिल्हा नियोजन समितीने तोवर इमारतीसाठी नव्हे, या दोन वर्षांच्या कार्यक्रमांसाठी आणि कारागिरांच्या मानधनासाठी तरतूद करावी.